दोन बोटांचं तोंड

२८ नोव्हेंबर १९९९, बल्लारपूर

आज जांभई अर्ध्यातच अडकली.

राजुऱ्याचं लग्न वाजवून मॅटॅडोरनं परत येऊन राह्यलो होतो. जांभई आली तं जबडा खाली गेलाच नाई. गालाच्या आतून कोणी सुतळी ओढून धरल्यावानी. बाजूले लच्छू बसला होता — आमच्या बँडचा ढोलवाला, लहानपणापासूनचा सोबती. म्हणे, "काऊन बे सोमाजी, जांभईलेबी कंजूषी?" आणि आपली तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालून दाखवली. आरामात गेली. मग मी घातली. दोन गेली, तिसरं दातावर अडकलं. सगळी मॅटॅडोर हसली. मीही हसलो.

घरी येऊन आरशासमोर पुन्हा पाह्यलं. तिसरं जात नाई म्हणजे नाईच. आता हसू येऊन नाई राह्यलं.

दुसऱ्या कोणाचं तोंड आखडलं तं तो भाकर बारीक तोडून खाईन, झालं. मी सॅक्सोफोन वाजवतो. गुणवंतरावाच्या बँड पार्टीत सॅक्सोफोनवाला मी एकटा. बाप सिंदेवाहीकडं तलावात जाळं टाके, भाऊ अजूनही टाकते. ढिवराच्या पोरानं पितळेचा बाजा धरला तेव्हा सगळं गाव पाहायले आलं होतं. आता हे तोंड गेलं तं परत कंबरभर पाण्यात उभं राहा लागन — आणि जाळं फेकणं तं मी कवाचं विसरलो.

२९ नोव्हेंबर

तिसरं नाई गेलं. कुंताले सांगितलं नाई. बायको आहे, घोर लावून घेईन.

९ डिसेंबर

इज्जतीचा पार कचरा झाला आज.

वरात इथलीच, बल्लारपूरची. नाचाचं गाणं चालू होतं. वरचा सूर धराले गेलो तं ओठ वळेचना. लाकडाचा झाला होता. जोर लावला तं आवाज मधोमध फाटला. एक चिरका वर गेला, एक घोगरा खाली राह्यला, दोन्ही एकाच वेळी. नवरदेवाचं घोडं बिचकलं. नवरदेवाचा फेटा डोळ्यावर आला, त्याचा मामा "अरे धरा धरा" करत धावला.

गुणवंतरावानं सगळ्यांसमोर विचारलं, "सोमाजी, तुमी लग्नात आले का मयतीले?" मास्तर आहे, त्याचं बरोबर आहे. पण माझ्या डोक्यात त्याचं बोलणं नव्हतं. हे आज असं झालं, परवा काय होईन, हेच.

वरात संपल्यावर मोपेडवर एक पोरगा आला. लांब केस, कोपरावर फाटलेलं जाकीट. भूपेश म्हणून नाव, चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, इंजिनिअरिंग शिकते, बाप इथी कागदाच्या कारखान्यात. म्हणे, "भाऊ, ते मधात काय वाजवलं तुमी?" मले वाटलं मजा घेते. म्हटलं, चूक झाली बाबा, जा. तं म्हणे, "नाई ना भाऊ. ती चूक मले पुन्हा ऐकाची आहे."

डोकं फिरलेलं आहे पोट्ट्याचं.

१२ डिसेंबर

गेलो. काऊन गेलो ते मले सांगता येत नाई.

रेल्वेलाइनच्या पल्याड रिकाम्या गोदामात त्यांचा बँड आहे. नाव 'राखड'. चांद्याच्या वीजघरातून उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यावर बसते ती राखड. भूपेश गिटार वाजवते, म्हणजे बडवते. आचल नावाची पोरगी गाते, म्हणजे ओरडते. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडते, मग चष्मा पुसते आणि "पाणी आहे का" विचारते. त्यांचा ढोलवाला शिक्षण सोडून गुजरातले गेला. मी लच्छूले संग नेलं होतं, त्याले लगेच बसवलं. लच्छू लग्नाचाच ठेका वाजवते, फक्त दुप्पट. पोट्टे खूश.

याले पंक म्हणतात म्हणे. भूपेशनं सांगितलं, "भाऊ, याच्यात सूर सांभाळाचा नाई. मनात जे आहे ते काढाचं." माझ्या मनात काय आहे ते त्याले ठाऊक असतं तं त्यानं मले बसवलंच नसतं. पण डोळे मिटले आणि ती फाटलेली फुंक मुद्दाम मारली. वर चिरका, खाली घोगरा. आचल ओरडायची थांबली. माझ्याकडं पाहातच राह्यली.

२० डिसेंबर

भूपेशनं एक कॅसेट दिली. वरचं लेबल फाटलेलं. कोणी परदेशातला माणूस सॅक्सोफोन वाजवते. पहिल्यांदा वाटलं टेपचं हेड खराब आहे. मग समजलं, तो रडून राह्यला आहे. मग समजलं, रडून नाई राह्यला, भांडून राह्यला. भूपेश म्हणे, "हा जॅझ. आपण यात पंक टाकू." तेल-मीठ टाकल्यावानी सांगते.

तीनदा ऐकली. कुंता चुलीपाशी बसली होती. तिनंही ऐकली, काही बोलली नाई. ती बोलते कमीच. आताशा जरा जास्तच कमी.

२ जानेवारी २०००

नवं साल. तोंड तेच. नाई, तेच नाई — दुसरं बोटही आता घासून जाते.

तिखट लागत नाई, जळते. वांग्याच्या भाजीचा रस्सा जिभेले लागला तं डोळ्यात पाणी आलं. जीभ बाहेर काढतो तं ओठाच्या पुढं येत नाई. शिट्टी वाजेना. लहानपणी तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर बापाले शिट्टी मारत होतो मी.

खर्रा धरला की जळणं थांबते, हे एक बरं. गाल सुन्न पडते. बँडवाले सगळे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून ओलसर झाला की गालात. ओठ टणक राहते, फुंक टिकते म्हणतात. लग्नघरीही आमाले पहिले खर्रा येते, मग चहा. कुंता घोटते तसा तं वॉर्डात कोणी घोटत नाई. पन्नीतली एक चिमूट तिच्या गालात, बाकी माझा. आधी दिवसाचे दोन लागत, आता जळते म्हणून जास्त लागतात.

मले वाटते रीडचा, म्हणजे ओठात धरतो त्या वेताच्या पट्टीचा, दोष आहे. गुणवंतराव कुठून स्वस्तातले रीड आणते देव जाणे. त्याचंच काही ओठात उतरलं असन.

१६ जानेवारी

चांद्याले कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. प्राचार्य दुसऱ्या गाण्याले उठून गेले. पोट्टे खुर्च्यांवर चढले. शेवटी भूपेशनं हात केला आणि मी एकटाच वाजवत राह्यलो. फाटलेल्या आवाजाले अजून फाडलं. खालचा सूर धरून ठेवला आणि वरचा नुसता किंचाळत ठेवला. मग अशी टाळी पडली की मी मागं पाह्यलं, कोणी मोठा माणूस आला का म्हणून.

इतक्या वर्षांत माझ्यासाठी टाळी पडली नव्हती. वरातीत लोक नवरदेवासाठी नाचतात, बाजेवाल्याकडं कोण पाहते? घरी येता येता रडलो. लच्छू म्हणे, "काऊन बे?" म्हटलं डोळ्यात राखड गेली.

पण हे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाले सांगता येत नाई. तो आवाज मी काढत नाई. तो माझं तोंड काढते. आखडलेलं तोंड. टाळ्या पडतात त्या त्याले.

६ फेब्रुवारी

आज मेलोच असतो.

एटापल्लीकडं, नक्षल्यांच्या जंगलात, लग्न होतं. आलापल्लीच्या पुढं रस्त्यावर जवान उभे. सगळ्यांले उतरवलं. नेहमीचंच आहे, ढोल उचलून पाहतात, सोडतात. पण आज एकानं माझा सॅक्सोफोनचा डबा पाह्यला. "ये क्या है?" म्हटलं बाजा है साहब. "बजा के दिखा."

भर दुपार. दोन्हीकडं साग, पान नाई झाडावर. तोंड कोरडं पडलं होतं. एक साधं लग्नाचं गाणं वाजव रे देवा, म्हणून फुंकलं — आणि तो चिरका निघाला. जवान एक पाऊल मागं सरकला. त्याचा हात बंदुकीवर गेला. "ये बाजा है?" मी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. किंकाळीच. इतर दोघं जवळ आले. मले वाटलं आता यांले काय सांगू, की साहब, मी खरोखर बाजेवाला आहे, फक्त माझं तोंड बंद होऊन राह्यलं आहे?

लच्छूनं ढोल गळ्यात टाकला आणि वरातीचा ठेका सुरू केला. गुणवंतरावानं क्लॅरिनेट काढली. मग सगळ्यांनीच. त्या सुन्या रस्त्यावर आमी पंधरा-वीस माणसं लाल कोट घालून वरात वाजवून राह्यलो होतो, ना नवरदेव ना घोडं. मागं उभ्या एका जवानाचा पाय ठेक्यावर हलून राह्यला होता. शेवटी म्हणे, "जाओ, जाओ."

मॅटॅडोर सुटली. मग लच्छू माझ्या कानाशी तोंड आणून म्हणे, "सोमाजी, हे साधं नाई बे. तुहं तोंड कोनीतरी बांधलं."

७ फेब्रुवारी

बांधलं. हा शब्द डोक्यातून जात नाई. मनात होताच, लच्छूनं फक्त बाहेर काढला.

आणि नावही मनात आहेच. पत्रूभाऊ.

पत्रूभाऊ म्हणजे माझ्या आधीचा सॅक्सोफोनवाला. मले बोटं धरून शिकवलं त्यानं. मग त्याचं वाजवणं बिघडलं, गुणवंतरावानं त्याले घरी बसवलं आणि त्याची जागा मले दिली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाई. रस्त्यात दिसला तं पलीकडून जाते.

२० फेब्रुवारी

अंगावर काटा आहे अजून.

चांद्याच्या बाजारात मेथी घेऊन राह्यलो होतो. मागून कोणी खांद्याले हात लावला. पत्रूभाऊ. पार वाळला आहे, गालाचे खड्डे. सरळ माझ्या तोंडाकडं पाह्यलं. दात उघडले नाईत, दाताच्या फटीतूनच बोलला — "किती बोटं?"

त्याले कसं ठाऊक? मी कोणाले सांगितलं नाई. लच्छू आणि त्या दिवशीची मॅटॅडोर सोडली तं कोणाले नाई.

पळालो. मेथी तिथंच राह्यली.

४ मार्च, महाशिवरात्र

कुंतानं मार्कंड्याच्या जत्रेले नेलं. मीच तिले परवा रात्री सगळं सांगून टाकलं — बोटं, जळणं, पत्रूभाऊ. तिनं ऐकून घेतलं. माझ्या गालावर हात ठेवला, बस. म्हणे, "देवाच्या कानावर घालू."

वैनगंगेत उभा राह्यलो. गर्दी एवढी की पाण्यातही धक्के. देवाले म्हटलं, पत्रूभाऊचं वाईट करू नको, त्याची माझ्यावर शिकवणीची उधारी आहे. फक्त त्याले सांग, सोड म्हणा मले. असं म्हणताना भीती वाटून राह्यली होती की इतक्या गर्दीत तोही कुठी उभा असन आणि तोही काही मागून राह्यला असन.

कुंतानं बराच वेळ डोळे मिटले होते. तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाई. माझंच मागितलं असन.

११ मार्च

देवाचं नाव घेऊन लिहितो, नाईतर माझाच विश्वास बसणार नाई.

पत्रूभाऊच्या घरी गेलो, चांद्याच्या बाबूपेठेत. लच्छू संग होता आणि त्याच्या हातात काठी होती. ठरलं होतं की आधी नरमाईनं विचारायचं, नाई सांगितलं तं मग पाहू. काठी आमच्याकडं होती आणि भीतीही आमालेच.

पत्रूभाऊ खाटेवर बसून तांदळाची पेज पिऊन राह्यला होता. पिऊन म्हणजे — एका बाजूचे दोन दात पडले आहेत, त्या फटीतून वाटी तिरपी करून आत सोडे. अर्धी आत, अर्धी सदऱ्यावर. सून पुसून देई. तोंड त्याचं उघडतच नाई. एक बोटही नाई.

मी जे बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो. तोच बोलला, दातातून. समजायले वेळ लागे. "तू आला ते बरं केलं. मले वाटे तूच बांधलं माहं."

मी म्हटलं, मी?

"तू पायाशी बसून शिकला. तवाच माहं तोंड आखडाले लागलं. मंग जागा कोनाले भेटली? तुलेच ना." वाटी खाली ठेवली. म्हणे, "तुह्या नावानं तीन ठिकानी जाऊन आलो. लिंबं उतरवले, कोंबडं देल्लं. काईच नाई झालं. मंग बाजारात तुहं तोंड पाह्यलं तं वळखीचं वाटलं."

इतकी वर्षं हा माणूस मले भिऊन रस्ता बदलत होता. मी समजे राग आहे.

लच्छूनं काठी दाराआड नेऊन ठेवली. मग पत्रूभाऊनं उशाखालची पन्नी काढली, आमाले खर्रा दिला. घरी आलेल्या माणसाले द्यायलाच पाहिजे. आमी घेतला. तिघंही गालात धरून बसलो.

आता भीती जास्त आहे. त्यानं नाई बांधलं तं कोणी बांधलं?

२२ एप्रिल

नागपूरले वाजवलं. मोठं सभागृह, तिकीट लावून. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं: 'हा ध्वनी दुसऱ्या कोणाला काढता येणार नाही.' आचलनं मोठ्यानं वाचून दाखवलं. लच्छूनं पेपर छातीशी धरून नाच केला. भूपेश म्हणे, "भाऊ, मुंबईहून बोलावणं आलं. कॅसेट काढाची आहे."

गुणवंतरावानंही कात्रण पाह्यलं. म्हणे, "म्हंजे माह्या वरातीत तुमी घोडं बिचकवलं ते मोठं काम होतं म्हना." मग मात्र पाठ थोपटली.

मी सगळ्यांसंग हसलो. एकट्यानं बोटं घातली. दोन, तीही रेटून.

८ मे

कुंता हात धरून चांद्याले दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. स्वतःहून. म्हणे, "देवाले सांगून झालं, आता डाक्तरले सांगा." ती बाहेर बाकावर बसली, मी आत.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. बॅटरी लावली, पट्टी लावून मोजलं. पहिला प्रश्न — "खर्रा किती?" रीड नाई, पत्रूभाऊ नाई, कोणाची करणी नाई. खर्रा! मले इतका राग आला. म्हटलं, बाई, आमच्याकडं सगळेच खातात. त्या म्हणाल्या, "म्हणूनच बाहेर रांग आहे."

सुपारीनं तोंडाची आतली कातडी चामड्यासारखी होत जाते म्हणे. आखडत आखडत बंद. गेलेलं सगळं परत येत नाई. सुया घ्यायच्या, लाकडी पट्ट्या दातात धरून तोंड ताणायचं, आणि नागपूरले ऑपरेशन करायचं, दिवाळीच्या आत. उजव्या गालात पांढरा डाग आहे. त्याचा तुकडा काढून तपासायले पाठवला. "घाबरू नका," म्हणाल्या. मी आधी घाबरलो नव्हतो तेवढा त्यानं घाबरलो.

विचारलं, ऑपरेशननंतर सॅक्सोफोन? त्यांनी पट्टी खाली ठेवली. "वाजवाल. पण आताचा ओठ राहणार नाही."

बाहेर आलो. कुंताले सगळं सांगितलं. ती खाली पाहून ऐकत राह्यली. गाडीत बसेपर्यंत एक शब्द नाई.

९ मे

खर्रा सोडला. पन्नी चुलीत टाकली. कुंताले म्हटलं, यापुढं घरात घोटायचा नाई. तिनं मान हलवली.

२१ मे

डाग साधा आहे. तसा नाई. आज जेवलो.

२ जुलै

मुंबईहून आलो. कॅसेट झाली. काचेच्या खोलीत उभं करून वाजवून घेतलं. काचेच्या पल्याडचा माणूस हातानं सांगे, अजून, अजून. सुया सुरू झाल्या आहेत पण अजून फरक नाई, म्हणून आवाज शाबूत होता. मी फरक नाई म्हणून खूश झालो! स्वतःचाच भेव वाटला मले.

१८ ऑगस्ट

आज गोदामात तालीम. सुयांनी आणि पट्ट्यांनी तोंड आधीपेक्षा अर्धं बोट जास्त उघडलं आहे. शिट्टीही जराशी वाजते. फुंक मारली आणि सूर निघाला — गोल, साफ, एकच. वरातीत चालन असा. पुन्हा मारली, पुन्हा साफ. चिरका गेला, घोगरा गेला.

आचल म्हणे, "भाऊ, आज आवाज धुतल्यासारखा काऊन येऊन राह्यला?" भूपेश पुढं आला. त्याच्या हातात कागद होता. बर्लिनहून बोलावणं आहे, ऑक्टोबरमध्ये, मोठा महोत्सव. त्यांनी कॅसेट ऐकली. पत्रात माझ्याच आवाजाबद्दल लिहिलं आहे. राखडबद्दल कमी, माझ्याबद्दल जास्त.

तो आवाज आता माझ्याजवळ नाई.

घरी येताना स्टेशनसमोरच्या पानठेल्यावर उभा राह्यलो. ठेलेवाला म्हणे, "लय दिवसानं, भाऊ." हात आपोआप पुढं गेला.

१० सप्टेंबर

परत दोन बोटं. परत जळणं. परत आवाज. भूपेश नाचला.

हिशेब असा केला आहे मी — दोन बोटांवर आवाज येते. एकावर सॅक्सोफोनच तोंडात जाणार नाई. या मधल्या जागेत बर्लिन उरकून घ्यायचं. मग ऑपरेशन. मग जे होईन ते होवो. लिहिताना हे बरोबर दिसते. झोपेत पत्रूभाऊची वाटी दिसते, तिरपी.

१७ सप्टेंबर

आज भूपेश आणि आचलले तोंडाचं, खर्र्याचं, ऑपरेशनचं सगळं सांगून टाकलं. किती दिवस लपवू? भूपेशनं गिटार बाजूले ठेवली. मग म्हणे, "भाऊ, बर्लिनहून आलो की त्याच हप्त्यात ऑपरेशन. मी संग येतो." मनातून त्याले सुटल्यासारखं झालं, मले दिसलं. मलेही झालं.

आचल मात्र पांढरी पडली. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणे, "मंग आमी टाळ्या कशाले वाजवत होतो, भाऊ?"

भूपेश म्हणे चल, तालीम करू. पण ती ओरडलीच नाई आज.

१ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला, नागपूरची तारीख मागून घ्या, उशीर करू नका. कुंताले विचारलं, काय करू? खरं तं विचारलं नाई, तिच्याकडून 'जा' म्हणवून घ्यायचं होतं. ती पदर तोंडाशी धरून म्हणे, "तुमाले जसं वाटते तसं करा." हो म्हटलं नाई, नाई म्हटलं नाई. मले रागच आला. एवढ्या मोठ्या गोष्टीत माणसानं काही तं बोलावं.

५ ऑक्टोबर

उद्या निघायचं. इथून नागपूर, मग मुंबई, मग विमान. विमानाचा भेव नाई वाटत. डब्यात रीडच्या खाली खर्र्याच्या पन्न्या दाबून ठेवल्या आहेत, परदेशातल्या साहेबानं उघडून विचारलं हे काय, तं काय सांगू, हा भेव वाटते. आणि तिथी स्टेजवर फुंकलं आणि ओठच मिटला तं? हजार गोरी माणसं पाहून राह्यली आहेत आणि माझ्या तोंडातून नुसती हवा. दिवसभर हेच डोळ्यासमोर.

दोन बोटं. मोजलं नाई तं चैन पडत नाई, मोजलं की जीव जाते.

६ ऑक्टोबर

गेलो नाई.

स्टेशनवर लच्छूनं पेढे आणले होते. प्रत्येकाच्या तोंडात अख्खा पेढा कोंबत सुटला. भूपेशच्या, आचलच्या, गुणवंतरावाच्या. मग कुंतापाशी गेला. तिनं मान फिरवली. लच्छू म्हणे, "लाजता काऊन वहिनी, खा ना जी," आणि लावलाच. पेढा तिच्या दातावर फुटला आणि फलाटावर पडला.

आमच्याकडं बायका मागून जेवतात. एवढ्या संसारात मी तिले घास घेताना कधी पाह्यलंच नव्हतं. सगळ्यांसमोर तिची हनुवटी धरली आणि बोट घातलं. एक. तेही गेलं नाई.

म्हटलं, कवापासून?

दातातूनच बोलली. "तुमच्या आंधीपासून. चढा ना जी, गाडी सुटून राह्यली."